सोळा पोटऱ्या

सतरा जानेवारी, शुक्रवार, दुपारी साडेतीन. रक्कम माणशी एकवीस हजार रुपये. हजर सदस्य सात : अध्यक्ष म्हणून पुण्याचे एक निवृत्त फिजिशियन, एक वकीलबाई, एक समाजसेविका, औषधशास्त्राच्या एक प्राध्यापिका, दोन डॉक्टर आणि मी. जागा सणसवाडीजवळ नगर रस्त्याला लागून असलेल्या एका औषधचाचणी केंद्राचा पहिला मजला. त्या दिवशीच्या हजेरीपटावर ही सात नावं आहेत. ज्यांच्याविषयी मी लिहिणार आहे त्यांचं नाव त्यात नाही, कारण त्या सदस्य नव्हत्या. त्या तिथल्या वॉर्डच्या मुख्य परिचारिका होत्या आणि त्यांना दहा मिनिटांसाठी आत बोलावलं होतं. त्या सव्वा तास बसल्या.

शमीम मुलाणी. वॉर्डात त्यांना सगळे आपा म्हणत. पुढे मीही तेच म्हणू लागलो.

आधी मी तिथे काय करत होतो ते सांगतो. मी शिरूरला एका पतसंस्थेत हिशेब पाहतो. माणसांवर औषधाची चाचणी घ्यायची तर आधी एका नीतिसमितीची मंजुरी लागते, आणि त्या समितीत डॉक्टर नसलेला, कंपनीशी संबंध नसलेला एक साधा माणूस असावा लागतो. तो साधा माणूस मी. संमतीचा कागद माझ्यासारख्याला वाचून कळतो का ते सांगायचं, आणि न कळलेलं विचारायला लाजायचं नाही, एवढं माझं काम.

औषध होतं रक्त गोठवणारं. वाहू लागलेलं रक्त ज्यांचं थांबतच नाही, अशा आजाऱ्यांसाठी. पण आजाऱ्याला देण्याआधी ते निरोगी माणसाला सोसतं का हे पाहावं लागतं. आठ-आठ जणांचे तीन गट ठरले होते. पहिल्या गटाला थोडा डोस, दुसऱ्याला दुप्पट, तिसऱ्याला त्याच्याही दुप्पट. प्रत्येक गटाने दहा दिवस केंद्रातच राहायचं, रोज संध्याकाळी सातला इंजेक्शन. आठांतल्या दोघांना नुसतं मिठाचं पाणी. पण कुणाला काय, हे ना त्यांना ठाऊक ना डॉक्टरांना. धोकाही समजायला साधा होता. जखम नसताना पायाच्या शिरेतच रक्त गोठलं, तर ती गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि मग माणूस हाती लागत नाही.

चाचणीचे प्रमुख डॉक्टर निंबाळकर समितीचे सदस्य नव्हते; चाळिशीच्या आतले, सरळ माणूस. ते म्हणाले, "वॉर्ड सिस्टरांच्या दोन सूचना आहेत, ऐकून घ्या."

दार उघडून सत्तावन्न वर्षांची, ठेंगणी, डोक्यावरची पांढरी ओढणी पिनेने घट्ट बसवलेली बाई आत आली. पायात मुलाचे जुने खेळाचे बूट. आणि डॉक्टर लोक गळ्यात नळी अडकवतात तशी गळ्यात शिंप्याची फीत.

"पहिली सूचना," त्या म्हणाल्या, "तुमच्या कागदात लिवलंय, रोज सकाळी पायाला सूज हाय का बघायचं. बघायचं म्हंजी काय? डोळ्यानं? मी म्हंते, मोजा. गुडघ्याखाली दहा सेंटीमीटरवर पेनानं खूण करायची, आन् रोज त्याच खुणेवर दोन्ही पोटऱ्यांची मापं घ्यायची. आठ माणसं, सोळा पोटऱ्या. पंधरा मिनिटांचं काम हाय."

प्राध्यापिकाबाई म्हणाल्या की फितीच्या मापावर भरवसा ठेवता येत नाही, घेणाऱ्याच्या हाताप्रमाणे बदलतं.

"हाताप्रमाणं बदलतं, व्हय," आपा म्हणाल्या. "साहेब, जरा पँट वर घ्या."

हे त्या अध्यक्षांना म्हणाल्या होत्या. एकोणसत्तर वर्षांच्या त्या गृहस्थांनी मुकाट्याने डावी पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली. आपा खाली बसल्या, खूण केली, माप घेतलं आणि आकडा न बोलता चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिला. मग त्यांनी माझ्याही पोटरीचं माप घेतलं, वकीलबाईंचं घेते म्हटल्यावर त्या हसून मागे सरकल्या, मग समितीतल्या दोन्ही डॉक्टरांचं. पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांचं एकदा. आठ चिठ्ठ्या माझ्याकडे जमल्या. मी जुळवून पाहिल्या. चार माणसं, दोन-दोन वेळा, आणि सगळ्यात मोठा फरक दोन मिलिमीटर. मी तसं वाचून दाखवलं. अध्यक्षांनी पँट खाली करत सूचना मंजूर केली.

मी आयुष्यभर आकड्यांत राहिलेला माणूस. इतकी स्वच्छ मोजणी मी आमच्या तपासनिसांचीही पाहिली नव्हती.

दुसरी सूचना पैशांची होती. कागदात लिहिलं होतं की चाचणीत भाग घेणाऱ्याला एकवीस हजारांची रक्कम दहाव्या दिवशी, घरी जाताना मिळेल. कुणी मधेच आपखुशीने गेला तर दिवसांच्या हिशेबाने; डॉक्टरांनी तब्येतीमुळे काढलं तर पूर्ण. मला ते अगदी न्याय्य वाटलं होतं.

"लिवलंय ते बराबर हाय," आपा म्हणाल्या. "पण इथं येणारी माणसं सणसवाडीत खोली घेऊन राहणारी, ठेकेदाराकडं राबलेली. मधे काम सुटलं की पैसा बुडाला, हे त्यांनी भोगलंय. त्यांचा लिवलेल्यावर इस्वास न्हाई. पाय दुखला तरी दहा दिवस दात आवळून पडून राहतील. माझं म्हणणं, पहिल्याच दिवशी सगळे पैसे खात्यात टाका."

मी म्हणालो, "आपण असं केलं तर तिसऱ्या दिवशी वॉर्ड रिकामा होईल."

त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुम्ही कुठं असता?"

"शिरूरला. पतसंस्थेत."

"तरीच. कर्ज घेऊन पळालेलेच बघितलेत तुम्ही." मग थांबून म्हणाल्या, "पळायचा तो एखादा पळंल. लपवणारा मात्र न्हाई राहणार. तुम्हाला कोन परवडतो ते ठरवा."

मत घेतलं. तीन विरुद्ध चार अशी सूचना पडली. चारांत मी होतो.

त्यानंतर महिन्यातून दोनदा तरी माझं केंद्रावर जाणं होई, संमतीच्या सह्या आणि वॉर्डातली व्यवस्था पाहायला. काम अर्ध्या तासाचं, पण मी दोन-दोन तास थांबायचो. कारण आपांचं काम बघत बसावं असं होतं.

दौंड स्टेशनाबाहेर त्यांच्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. गार्डांचे, तिकीट तपासनिसांचे, पॉइंट्समनचे कपडे तिथे शिवले जात. माप घ्यायला आपा दहाव्या वर्षी शिकल्या. "फितीनं कातडीला शिवायचं, दाबायचं न्हाई," हे वाक्य त्यांनी वडिलांकडून उचललं होतं आणि प्रत्येक नव्या नर्सला पहिल्या दिवशी ऐकवलं होतं. महिन्याच्या एक तारखेला त्या आपली फीत पोलादी पट्टीला लावून बघत. दोन मिलिमीटरचा फरक आला की फीत कात्रीने चार तुकडे करून टाकत. नुसती टाकली तर कुणीतरी उचलून वापरील म्हणून.

एकदा एका नर्सने वहीत लिहिता लिहिता म्हटलं, "आपा, साधारण अडतीस."

"साधारण म्हंजी काय गं? तुझा पगार साधारण किती हाय? अंदाज घरी ठिवून यायचा. पुन्यांदा मोज."

चहा त्यांना बिनदुधाचा, बिनसाखरेचा लागे आणि त्यात खारी बुडवून खायची सवय. खारी बुडाली की हळहळत. सोमवार ते शनिवार सणसवाडीत एका खोलीत राहत, शनिवारी दुपारी दौंडची वाट धरत. घरात त्यांचे मालक, रेल्वेतून निवृत्त. "त्यांना मी आठवड्यातून एकच दिवस भेटते, म्हणून पस्तीस वर्षं टिकलं," असं म्हणायच्या.

चाचणीला येणारे लोक आठवडाभर आधी बीट, गूळ-शेंगदाणे खाऊन रक्त वाढवून येत, नाहीतर तपासणीत बाद व्हायची भीती. आपांना दारातच कळे. "बीट खाल्लंस न्हवं? जीभ बघ आरशात. चांगलं हाय, खात जा, पण रोज खा. आमच्यासाठी न्हाई, तुझ्यासाठी." खरा गुन्हा दुसरा होता. एका चाचणीनंतर तीन महिने दुसऱ्या चाचणीत जायचं नसतं, पण काही जण एकीतून दुसरीत फिरत राहतात. अंगात आधीच कुठलं औषध असेल तर हे रक्त गोठवणारं त्यात काय करील, कोण सांगणार? विचारलं तर सगळेच म्हणत, पहिल्यांदाच आलोय. आपा विचारत नसत.

माझ्यासमोर घडलेली गोष्ट. एक तिशीचा माणूस तपासणीला बसला होता. सगळे प्रश्न संपले. आपा त्याचा दंड बांधता बांधता सहज म्हणाल्या, "इथलं जेवण काय खास न्हाई बरं का. डाळ पातळ असती. आधीच सांगते."

तो मनापासून म्हणाला, "चालतंय की आपा. हैदराबादला मात्र एक दिवसाआड चिकन द्यायचे."

"व्हय? कवा गेला व्हतास?"

"मागच्याच महि…" आणि तो तिथेच थांबला.

आपांनी दंडाची पट्टी सोडली. रागावल्या नाहीत. त्याला बसवून डाळ-भात खायला घातला, डाळ खरंच पातळ होती, आणि परत पाठवताना म्हणाल्या, "मे महिन्यात ये. तवर कुठं जाऊ नको. तुझ्या नावावर मी खूण केलीय." तो मे महिन्यात, केंद्रातल्या दुसऱ्या एका चाचणीला, आलाही.

औषधाविषयी त्यांचं मत मला आधी कळत नव्हतं. इतकी कडक बाई, हिला ही चाचणी मनातून नको तर नसेल? एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, मी सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात बाळंतपणं केली. रक्त थांबना म्हणून तीन बायका गेल्या. तिघींची नावं सांगू शकते. एकीचं मूल दुसऱ्या बाईनं पाजलं तवर ही गार. हे औषध पायजेच. पायजे म्हणून तर इथं चुकायचं न्हाई." नावं त्यांनी सांगितली नाहीत आणि मी विचारली नाहीत.

पहिला गट सुखरूप पार पडला. सोळा पोटऱ्या दहा दिवस जागच्या जागी राहिल्या. समितीने दुसऱ्या गटाला मंजुरी दिली. मार्चचा दुसरा आठवडा, रमजान चालू होता. आपांचे रोजे होते, पण ड्यूटीत फरक नव्हता.

दुसऱ्या गटात बबन ठोंबरे होते, गाव कासुर्डी, वय त्रेचाळीस. तरुणपणी कुस्त्या मारलेल्या, नंतर गावच्या तालमीत पोरं तयार केलेली, म्हणून वॉर्डात लगेच सगळे त्यांना वस्ताद म्हणू लागले. रांजणगावला ठेक्यावर कामाला होते, दोन महिन्यांपूर्वी ते काम बंद झालं होतं. त्यांच्या कॉटशेजारी रामधनी नावाचा पस्तिशीचा बिहारी कामगार. तो गावाकडे आखाड्यात गेलेला, त्यामुळे दोघांचं पहिल्या दिवसापासून जमलं. एकाला हिंदी धड येत नव्हती, दुसऱ्याला मराठी; डाव-पेच मात्र दोघांना हाताने समजावता येत होते.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, मी सह्यांचे कागद पाहायला गेलो होतो. साडेपाच वाजले असतील. वॉर्डाच्या टोकाला वस्ताद उताणे पडले होते आणि रामधनी त्यांच्या पायथ्याशी बसून दोन्ही हातांनी डावी पोटरी रगडत होता. तालमीत वस्तादाचे पाय चेपायचे असतात, हे आमच्याकडे लहानपणापासून पाहिलेलं. थकल्या पायाला हात लावणं हा मान देणं आहे. मला ते पाहून बरंच वाटलं. दोन मुलुखांची माणसं, एकच रीत. मी हसून पुढे गेलो आणि कागद काढून बसलो. हे मी लिहून ठेवतो आहे कारण ते खरं आहे.

सकाळच्या मापात आपांना त्या पायात सात मिलिमीटरचा फरक दिसला होता. थांबवण्याइतका तो नव्हता. त्यांनी विचारलं होतं, "दुखतंय का?" वस्ताद म्हणाले होते, "न्हाई." कागदाप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळीच मोजायचं होतं, पण आपा संध्याकाळी आपण होऊन फीत घेऊन आल्या. दारातून त्यांनी ते पाहिलं.

"रामधनी, हाथ निकाल! पाँव पर से हाथ निकाल पहले!"

अख्खा वॉर्ड उठून बसला. रामधनीचे हात हवेत राहिले. "आपा, हम तो बस सेवा कर रहे थे…"

"सेवा बाद में. उधर बैठ जा." मग वस्तादांकडे, "हलू नका. पाय जागचा हलवू नका."

त्यांनी मोजलं. दुसऱ्या नर्सला बोलावून तिच्याकडून मोजून घेतलं. डावी पोटरी चाळीस पूर्णांक एक, उजवी अडतीस पूर्णांक चार. एक पूर्णांक सात सेंटीमीटर.

"कवापासनं?"

वस्ताद छताकडे बघत होते. "काल दुपारपास्नं भरून आल्यागत वाटतंय. तालमीत असं लई व्हायचं, आपा. दाबलं की उतरतं."

"हे उतरत न्हाई, वर चढतं. छातीत. सकाळी मी इचारलं तवा का न्हाई बोललात?"

वस्तादांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"पैशासाठी ना? डॉक्टरांनी काढलं तर पुरे पैसे मिळत्यात, वाचून दाखवलं व्हतं मी. सही केलीय तुम्ही."

"आपा, लिवलेलं लई बघितलंय," वस्ताद म्हणाले. "ठेकेदारानं बी लिवूनच दिलं व्हतं."

आपांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टर निंबाळकर धावत आले, पाऊल वर-खाली करून पाहिलं, आणि पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात फोन लावला. सहा वाजता रुग्णवाहिका निघाली. वाघोलीच्या गर्दीतून ती केव्हा पोचणार आणि तपासणी केव्हा होणार, कुणालाच सांगता येत नव्हतं. आणि सातला उरलेल्या सात जणांचं इंजेक्शन होतं.

कंपनीचे प्रतिनिधी म्हणून एक तरुण गृहस्थ त्या दिवशी हजर होते. ते वाईट नव्हते, घाबरलेले होते. म्हणाले, "सिस्टर, कागदात दोन सेंटीमीटरला थांबायचं लिहिलंय. हे दीडच्या वर आहे, पण दोन नाही. आणि बाकीच्यांना तर काहीच झालेलं नाही."

"उद्या सकाळी दोन व्हईल. तवर टोचत बसू?"

"आजची वेळ चुकली तर या गटाची सगळी माहिती वाया जाईल. पाच दिवसांची."

"जाऊ द्या वाया. परत गोळा करू. मी हाय की अजून, कुठं पळत न्हाई."

पावणेसातला रोजा सोडायची वेळ झाली. आपांनी वॉर्डातल्याच पाण्याच्या यंत्रातून कागदी पेल्यात पाणी घेतलं, एक खजूर तोंडात टाकला, आणि पुन्हा येऊन टेबलापाशी बसल्या. सहा-पन्नासला औषधखोलीतून ट्रे आला. सात सुया, सात नावं. त्यांनी ट्रेला हात लावला नाही, मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. कॉटांवरचे सातही जण त्यांच्याकडे बघत होते. सातला दोन मिनिटं कमी असताना डॉक्टर निंबाळकर आत आले, ट्रेकडे पाहिलं, आपांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आज कुणालाच नाही. माझी सही घ्या."

त्यांच्या सहीखाली वेळ घातली आहे : सहा अठ्ठावन्न.

आठच्या सुमारास पुण्याहून फोन आला. गाठ होती. पोटरीच्या आतल्या शिरेत, गुडघ्याच्या मागपर्यंत आलेली. फुप्फुसात काही गेलं नव्हतं. उपचार सुरू झाले होते. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं होतं की पायाला मालिश वगैरे केलंत का. आणखी थोडा वेळ झालं असतं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. रामधनी भिंतीला टेकून रडत होता. आपा त्याच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "तुझे क्या मालूम था? मुझे बताना था, मैंने नहीं बताया. गलती मेरी." आणि खरोखर, दुसऱ्या दिवसापासून वॉर्डाच्या भिंतीवर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत सूचना लागली : इथे कुणी कुणाचे पाय चेपू नयेत. जगात असा फलक दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

समितीची तातडीची बैठक शनिवारी झाली. वस्तादांच्या पत्नी सुमनबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. माणूस धोक्याबाहेर आहे हे त्यांना कळलं होतं, पण मला पाहताच पहिला प्रश्न आला, "साहेब, मधीच आजारी पडलं, आता ह्यांचं पैसं बुडालं का वो?" नवरा दवाखान्यात आणि बाईने आधी पैशांचं विचारावं, याचं कुणाला नवल वाटेल. मला वाटलं नाही. आपा जानेवारीत जे सांगत होत्या, ते हेच.

आत गेल्यावर मी बोलायला उभा राहिलो. म्हणालो, जानेवारीत मी विरुद्ध मत दिलं होतं, ते चुकलं होतं. पळून जाणाऱ्याचं नुकसान मी मोजलं, लपवणाऱ्याचं मोजलं नाही. वस्तादांची पूर्ण रक्कम आजच द्यावी, आणि पुढच्या गटाचे पैसे पहिल्याच संध्याकाळी खात्यात जावेत. या वेळी सातही हात वर गेले. दुसऱ्या गटाची उरलेली इंजेक्शनं बंद झाली, तिसऱ्या गटाचा वाढीव डोस रद्द झाला. त्याऐवजी पहिल्या आणि दुसऱ्या डोसाच्या मधला डोस ठरला, सुजेवरून औषध थांबवायची मर्यादा एक सेंटीमीटर, आणि मापं सकाळ-संध्याकाळ. पुढे कुणाला काय दिलं याची बंद पाकिटं उघडली तेव्हा कळलं की वस्तादांना मिठाचं पाणी नव्हे, औषधच मिळालेलं होतं.

तिसरा गट एप्रिलअखेर आला. पहिल्या संध्याकाळी आठही मोबाइल एकापाठोपाठ एक वाजले. मी मुद्दाम थांबलो होतो. मनात धाकधूक होती, आता उद्या किती कॉट रिकाम्या दिसतात. दुसऱ्या दिवशी फोन केला.

"किती गेले?"

"एकबी न्हाई," आपा म्हणाल्या. "पण तक्रारी किती आल्यात इचारा. एकाचं डोकं दुखतंय, एकाला ढेकर येत्यात, एकाच्या पोटरीत रातच्याला गोळा आला व्हता. मोजलं, काय न्हाई. एक म्हंतो, आपा, मला घरची आठवण येती, हे लिवायचं का? म्हटलं, सांग, लिवते." त्या इतक्या खुशीत होत्या की मला तक्रारींची यादी शेवटपर्यंत ऐकवली. दहा दिवस पुरे झाले, आठही जण घरी गेले, एकाही पायात गाठ नाही. औषध त्या मधल्या डोसावर पुढच्या टप्प्यात, आजाऱ्यांच्या चाचणीत गेलं.

वस्तादांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या तीन महिने चालू होत्या, आणि तोवर जड काम बंद. आपा दर शनिवारी दौंडला जाताना कासुर्डीला उतरून त्यांना बघून जात. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. जूनच्या तिसऱ्या शनिवारी शेवटची तपासणी झाल्यावर नुकसानभरपाईच्या पावतीवर वस्तादांची सही हवी होती, म्हणून मी त्यांच्याबरोबर गेलो.

वस्ताद अंगणात उभे होते. गोळ्या संपल्या होत्या, पाय मोकळा झाला होता. त्यांनी आम्हाला खळ्याभोवती दोन फेऱ्या चालून दाखवल्या, तिसरी पळत मारली, आणि आपांचा ओरडा खाल्ला. सही झाली. चहा झाला. निघताना सुमनबाईंनी ताज्या गवारीची भरलेली पिशवी आपांच्या हातात दिली.

"न्हाई बाई," आपा म्हणाल्या. "चाचणीतल्या माणसाकडनं काही घ्यायचं न्हाई, नियम हाय."

"आता कसली चाचणी? संपली की."

"कागदावर अजून न्हाई संपली. बाजारात काय भाव हाय?"

"तुमच्याकडनं भाव घेऊ व्हय? बरं, घ्याच चाळीसनं."

"खोटं बोलती. काल सणसवाडीला मी साठनं बघितली."

"ती शिळी असंल! पन्नास द्या, आन् गप बसा."

"शिळी साठ, तर ताजी पन्नास कशी गं? साठ. काटा आण."

मी आयुष्यात पुष्कळ घासाघीस पाहिली. घेणारी वाढवते आणि विकणारी उतरवते, अशी तेवढीच एक. शेवटी वस्तादांनी काटा आणला. दीड किलो भरली. सुमनबाईंनी वरून मूठभर टाकली, ती आपांनी काढून ठेवली.

फाट्यावर दौंडची एस.टी. आली. आपा खेळाच्या बुटांनी दोन पायऱ्या चढल्या, वळून मला म्हणाल्या, "भाऊ, शिरूरला जपून जा, गाडी चालवताना मोबाइल नको," आणि कंडक्टरला पुढे सरकायला सांगत आत शिरल्या. खिडकीतून गवारीची पिशवी मांडीवर ठेवताना दिसल्या. त्या ऑगस्टमध्ये निवृत्त होऊन दौंडला गेल्या. त्यानंतर आमची भेट नाही.

हिशेब असा मिटला. तिन्ही गटांतल्या चोवीसही जणांना प्रत्येकी एकवीस हजार. बबन ठोंबरे यांना त्याशिवाय तीन महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीचे एकोणपन्नास हजार पाचशे, आणि रुग्णालयाचं बिल कंपनीने परस्पर भरलं. सुमन बबन ठोंबरे यांना, दीड किलो गवारीचे, शमीम मुलाणी यांच्याकडून, रोख नव्वद रुपये.